सासूबाईंच्या पोटातलं

रविवारी सकाळी चहा झाल्यावर सुनेने टेबलावर प्लास्टिकची एक छोटी नळी ठेवली आणि म्हणाली, "अहो आई, यात थोडं थुंकता का?"

कंडक्टरबाईंनी चष्म्याच्या वरून आधी नळीकडे पाहिलं, मग सुनेकडे. "सासू-सुना एकमेकींच्या नावाने थुंकतात एवढं ठाऊक होतं. नळीत थुंकायची पद्धत नवीन दिसते."

"लाळ हवी आहे. तपासायला."

"का? मला काय झालंय?"

"काही झालेलं नाही. प्रयोगशाळेत नवीन रसायनं आलीत. ती नीट चालतात का, ते आधी घरच्यांवर बघते. माझी कालच तपासली."

घरचे म्हणजे या दोघीच. कंडक्टरबाई या सुनेच्या सासूबाई. उभी हयात त्यांनी शहराच्या बसगाड्यांत तिकिटं फाडली होती. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी गल्लीत त्यांना सगळे कंडक्टरबाईच म्हणत. आवाज असा, की त्या तिसऱ्या मजल्याच्या खिडकीत नुसत्या खाकरल्या तरी खालचा भाजीवाला त्यांची पिशवी भरायला घेई. बोलायला त्यांना कुठलाही विषय चाले. पाण्याचा दाब, शेजाऱ्यांचा कुत्रा, हल्लीचे ड्रायव्हर, काहीही. फक्त एका गोष्टीवर त्या बोलत नसत. त्यांचा मुलगा बायकोला सोडून दुसऱ्या शहरात दुसऱ्या बाईबरोबर राहायला गेला होता, रीतसर घटस्फोट झाला होता, आणि त्याबद्दल त्यांच्या तोंडून आजवर चकार शब्द निघाला नव्हता.

घटस्फोटाचा निकाल लागला त्या संध्याकाळी सून कपाटातले कपडे काढून पलंगावर रचत होती. कंडक्टरबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. जरा वेळाने म्हणाल्या, "प्रबंध अर्धाच झालाय ना तुझा? तो होईपर्यंत राहा. इथून प्रयोगशाळा जवळ पडते." सून म्हणाली, "बरं." भाऊ तिला घरी बोलावत होता, वहिनीने खोलीही रिकामी केली होती. पण ती राहिली. कायद्याने ती आता कोणाची सून नव्हती. दुसरा शब्द मात्र कोणालाच सुचला नाही, त्यामुळे गल्लीत ती सूनच राहिली, आणि आपणही तिला सूनच म्हणू.

तिचा प्रबंध होता पोटाच्या आतल्या अस्तरावर. पोटात आम्ल असतं हे आपण सगळेच जळजळ झाली की शिकतो. ते आम्ल पोटालाच खाऊन टाकत नाही, याचं कारण आत एक बुळबुळीत थर असतो. हा थर म्यूसिन नावाच्या प्रथिनांचा. एकेक प्रथिन म्हणजे लांबलचक दोरी, आणि त्या दोरीवर साखरेच्या बारीक साखळ्या दाटीने उभ्या, बाटली धुवायच्या ब्रशला केस असतात तशा. बहुतेक माणसांत या साखळ्यांच्या टोकांवर त्यांचा रक्तगट असतो. रक्तगट फक्त रक्तात असतो अशी आपली समजूत, पण तो लाळेत उतरतो, पोटातल्या थरातही उतरतो. काही माणसांत मात्र, साधारण पाचांतल्या एकात, तो असा उतरत नाही. रक्तात असतो, बाहेर येत नाही. या दोन तऱ्हांच्या माणसांच्या पोटातला थर एकमेकांपेक्षा किती वेगळा, आणि पोटात घर करणारे जंतू त्याला कसे चिकटतात, हे सून शोधत होती.

कंडक्टरबाईंचा रक्तगट बी. दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत तिने त्यांची लाळ उकळून गार केली, तिच्यात बी गटाला पकडणारं द्रव्य घातलं आणि मग बी गटाच्या रक्तपेशी सोडल्या. लाळेत गट असता, तर ते द्रव्य तिथेच खर्ची पडलं असतं आणि पेशी मोकळ्या तरंगल्या असत्या. पण पेशींच्या गुठळ्या झाल्या. तिने सगळं पहिल्यापासून पुन्हा केलं. पुन्हा गुठळ्या.

"तुमच्या लाळेत तुमचा रक्तगट नाही," तिने संध्याकाळी सांगितलं.

"गेला कुठे?"

"रक्तात आहे. लाळेत येत नाही. त्या बाबतीत तुमची लाळ गप्प बसते."

"माझं तोंड गप्प बसतं असं म्हणायचंय तुला?" कंडक्टरबाई म्हणाल्या. "डेपोत जाऊन सांग कोणाला. तुझी पदवी काढून घेतील."

सून हसली, आणि हसता हसता नको ते बोलून गेली. म्हणाली, "अशीच माणसं मिळत नाहीयेत मला. पोटाची काही तक्रार नसलेली, तरी दुर्बिणीची नळी घशाखाली घालून घ्यायला तयार असलेली, आणि त्यात पुन्हा अशी गप्प लाळेची. मार्गदर्शक सर म्हणतात, तुझा प्रबंध एका पायावर उभा आहे."

"मग माझं घे की पोट."

"छे."

"छे काय? माझं पोट दगड पचवतं. डेपोच्या कँटीनचं खाऊन काढलंय आयुष्य."

"संशोधकाच्या नातेवाइकांचं घेत नाहीत. घरच्या माणसाला नाही म्हणणं जड जातं, म्हणून तसा नियमच आहे."

"मला नाही म्हणणं जड गेलंय असं कधी पाहिलंयस?"

"नियम आहे, आई," सून म्हणाली आणि कप उचलून आत गेली. तिला वाटलं, विषय संपला.

पुढच्या आठवड्यात सरांनी तिला बोलावून घेतलं आणि सांगितलं, की समितीच्या वकीलबाईंनी भेटायला बोलावलंय. माणसांवर होणाऱ्या कुठल्याही अभ्यासाला या समितीची परवानगी लागे, आणि तिच्यात डॉक्टरांबरोबर एक वकीलही असे. या बाई बारीक अंगाच्या, पांढऱ्या केसांच्या आणि हळू बोलणाऱ्या होत्या. मोठमोठे प्राध्यापक त्यांच्या खोलीत शिरताना शर्ट नीट करत.

सून खोलीत शिरली, तर समोरच्या खुर्चीत कंडक्टरबाई. अंगात ठेवणीतला स्वेटर, मांडीवर पर्स, पाठ ताठ.

"बसा," वकीलबाई म्हणाल्या. "या बाईंनी आपल्या अभ्यासासाठी स्वयंसेवक म्हणून नाव दिलंय. इथल्या जिन्यावर सूचना वाचली म्हणतात. पण पत्ता पाहिला तर तुमचाच. तेव्हा म्हटलं, दोघींना एकदम विचारावं. तुमचं एकमेकींशी नातं काय?"

सुनेला तोंड उघडायला वेळच मिळाला नाही.

"नातं काही नाही," कंडक्टरबाई म्हणाल्या. "माझ्या मुलाशी त्यांचं लग्न झालं होतं. ते मोडलं. कोर्टाचा निकाल आहे, हवा तर आणून दाखवते. आता त्या माझ्या घरात एक खोली घेऊन राहतात, एवढंच. कायद्याने मी त्यांची कोणी लागत नाही."

एरवी सुनेला त्या 'अगं' म्हणून हाक मारत, 'ए पोरी' म्हणत, रागात असल्या तर 'भवाने' म्हणत. 'त्या' असं तिला त्यांनी कधी म्हटलं नव्हतं. सून टेबलाच्या कडेकडे पाहत राहिली.

"बरोबर आहे का?" वकीलबाईंनी तिला विचारलं.

"कागदावर बरोबर आहे," ती म्हणाली.

"मला विचार करावा लागेल," वकीलबाई म्हणाल्या आणि दोघींना जायला सांगितलं.

घरी परतताना बसमध्ये शेजारी जागा होती, तरी सून दांड्याला धरून उभी राहिली. कंडक्टरबाईंनी दोनदा सीटवर हात आपटून दाखवला. तिने पाहिलं न पाहिल्यासारखं केलं. जिन्यात, दुसऱ्या मजल्याच्या वळणावर, कंडक्टरबाई दम खायला थांबल्या आणि म्हणाल्या, "मी खोटं काय बोलले?"

"खोटं बोलला असता तर बरं झालं असतं."

"अगं, तुझंच काम अडलंय म्हणून—"

"मी मागितलं होतं का?" सून म्हणाली. तिचा आवाज जिन्यात घुमला, आणि तिचा तिलाच परका वाटला. कंडक्टरबाई कठडा धरून हळूहळू वर चढत राहिल्या. त्या रात्री दोघी जेवल्या, पाणी लागलं तर एकमेकींना दिलं, आणि झोपायला गेल्या.

सकाळी सून प्रयोगशाळेत न जाता तडक वकीलबाईंच्या दारात जाऊन उभी राहिली.

"काल मी अर्धंच बोलले," ती म्हणाली. "घटस्फोट झाला हे खरं. पण त्या माझ्या सासूबाई आहेत. माझ्या आजारपणात त्याच उशाशी बसतात. मला उशीर झाला तर खिडकीत उभ्या असतात. तुमचा नियम ज्यांच्यासाठी आहे, त्यात त्या बसतात. त्यांचं नाव काढून टाका."

वकीलबाईंनी तिला बसायची खूण केली. "काल त्या 'नातं नाही' म्हणाल्या, तेव्हा त्यांचा हात कुठे होता, पाहिलात?"

"नाही."

"तुमच्या बाहीवर. तिथे लोकरीचा धागा सुटला होता, तो त्या ओढून तोडायच्या बेतात होत्या. मग माझ्याकडे लक्ष गेलं आणि हाताने गुंडाळून आत सारला. परक्या बाईच्या बाहीचा धागा मी तरी आत सारत नाही." त्या जराशा हसल्या. "मला नातं कालच कळलं होतं. तुम्ही येऊन सांगता का, एवढंच बघायचं होतं."

सुनेने नकळत बाही चाचपली. तिने मान खाली घातली.

"आता ऐका," वकीलबाई म्हणाल्या. "नियम कोणाला अडवायला केलेला नाही, कोणावर भीड पडू नये म्हणून केलाय. मी त्यांच्याशी एकटीने बोलेन. त्या मनापासून देत असतील, तर समितीपुढे ठेवेन. पण तुम्ही त्यांची लाळ पुन्हा तपासायची नाही, परस्पर तपासलीत तेही बरं केलं नाहीत. दुर्बिणीच्या वेळी आत जायचं नाही. पोटातून काढलेल्या तुकड्यावर खुणेचा आकडा दुसरं कोणीतरी घालेल, आणि स्लाइड वाचेलही दुसरंच कोणीतरी. कबूल?"

"त्यांनी नाही म्हणावं असं मला वाटतं," सून म्हणाली.

"ते त्यांना ठरवू दे."

वकीलबाई कंडक्टरबाईंशी बोलल्या त्या दिवशी सून बाहेर बाकावर बसून होती. दार बंद होतं. आतून आधी बराच वेळ हळू आवाज येत राहिले, मग कंडक्टरबाईंचं खणखणीत बोलणं, मग दोघींचं हसणं. बाहेर आल्यावर कंडक्टरबाईंनी एवढंच सांगितलं, "बाई चांगली आहे. बसने येते म्हणाली." आत काय बोलणं झालं ते त्यांनी सांगितलं नाही आणि सुनेने विचारलं नाही. समितीने अट घालून परवानगी दिली.

दुर्बिणीच्या दिवशी कंडक्टरबाई उपाशीपोटी निघाल्या. त्यामुळे वाटेत भेटलेल्या प्रत्येकाला काही ना काही ऐकून घ्यावं लागलं. दवाखान्याच्या तपासणी विभागात बाकांवर गर्दी होती. काही जण भेदरून बसले होते, एक गृहस्थ सारखे घसा खाकरत होते. कंडक्टरबाईंनी एक नजर टाकली आणि कामाला लागल्या. "पुढे सरका जरा, तिथे जागा आहे. आजी, तुम्ही भिंतीला टेका. पिशव्या मांडीवर." बघता बघता उभी असलेली सगळी माणसं बसली. नर्स दारातून पाहत होती. ती म्हणाली, "बाई, उद्यापासून याल का?"

नाव पुकारलं तेव्हा मात्र कंडक्टरबाई एकदम उठल्या नाहीत. त्यांनी पर्स सुनेच्या हातात दिली, चष्मा दिला, दातांची कवळी रुमालात गुंडाळून दिली. कवळी नसलेला त्यांचा चेहरा सुनेने याआधी पाहिला नव्हता. तो एकदम लहान दिसत होता.

"अजूनही नाही म्हणता येतं," सून म्हणाली. "आत गेल्यावरही येतं."

"ठाऊक आहे. त्या बाईने दहा वेळा सांगितलंय." आणि मग, कवळी नसल्यामुळे जरा बोबडं, "बस इथेच. कुठे जाऊ नकोस."

दार लागलं. आत काय होतं हे सुनेला पाठ होतं. घशात बधिर करणारा फवारा मारतील. कडू लागेल. डाव्या कुशीवर झोपवतील, दातांच्या जागी प्लास्टिकची कडी धरायला देतील, शिरेतून गुंगीचं औषध देतील. मग काळी नळी. तिने हे शेकडो अहवालांत वाचलं होतं, डझनावारी माणसांना धीर देत समजावून सांगितलं होतं, की यात फारसं काही नसतं. आज तिला ते 'फारसं' आठवलं. ती पर्स आणि रुमाल घट्ट धरून बसली.

नर्सने तिला आत बोलावलं तेव्हा कंडक्टरबाई पडद्याआडच्या खाटेवर एका कुशीवर होत्या. "सगळं छान झालं," नर्स म्हणाली. "डॉक्टर म्हणाले, पोट तरण्या माणसाचं आहे. गुंगी आहे थोडी, बोलतील काहीबाही. घसा बधिर आहे, इतक्यात पाणी देऊ नका."

सून स्टुलावर बसली. कंडक्टरबाईंचे डोळे अर्धवट उघडे होते.

"झालं?"

"झालं, आई."

"मिळाला तुकडा?"

"मिळाला असणार. माझ्याकडे नाही येणार तो, पण मिळाला."

"मग आता लिहून होईल तुझं." त्या थांबल्या. शब्द हळूहळू, एकेक करून येत होते. "लिहून झालं की जाशील तू. जायलाच हवं. तरणी आहेस. माझ्यापायी अडकून पडलीस. तो गेला तेव्हा मीच म्हटलं, प्रबंध होईपर्यंत राहा. दुसरं काय म्हणणार? राहा म्हणायला तोंड कुठे होतं मला? माझ्याच पोराने..." त्यांनी डोळे मिटले. "मग म्हटलं, देऊन टाकावा तुकडा. मी धरून ठेवलं असं नको व्हायला."

सुनेने त्यांचा हात हातात घेतला. सुई टोचल्या जागी कापसाचा बोळा चिकटवलेला होता. तिने अंगठा त्याच्या बाजूने फिरवला.

तिला प्रयोगशाळेच्या जिन्यावरची सूचना आठवली. स्वयंसेवक हवेत म्हणून ती तिनेच लावली होती, आणि लावली होती जिन्याच्या वळणावर. तिथे कोणी जात नाही, सगळे लिफ्टने जातात, हे तिला माहीत होतं. सरांनी दोनदा विचारलं होतं, की खाली मोठ्या दारापाशी का लावत नाहीस. ती म्हणाली होती, लावते. प्रबंध एका पायावर उभा राहिला होता, आणि त्याला दुसरा पाय मिळू नये म्हणून ती जे काही करत होती, त्याला तिने आजवर नाव दिलं नव्हतं. लिफ्ट बंद पडली म्हणून कंडक्टरबाई जिन्याने गेल्या असतील, की मुद्दाम शोधत गेल्या असतील, कोण जाणे.

"मला जायचं नाहीये," ती म्हणाली. "ऐकताय का? मला कुठे जायचं नाहीये."

कंडक्टरबाई घोरत होत्या. तिला ते पुन्हा सांगावं लागणार होतं, आणि जागेपणी सांगणं जास्त कठीण होतं. पण तिने तेही केलं. संध्याकाळी घरी, गार दूध पुढे ठेवताना, तिने सांगितलं. कंडक्टरबाईंनी दुधाचा घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि म्हणाल्या, "मी काय बरळले गं तिथे?"

"सगळं."

"सगळं?"

"हो."

"मेलं ते औषध," कंडक्टरबाई म्हणाल्या. त्यांनी पेला बाजूला सारला. मग त्यांनी सुनेच्या डोक्यावर हात ठेवला, आणि तो जरा जास्तच वेळ तिथे राहिला.

एवढ्यात फोन वाजला. मुलाचा होता. शेजाऱ्यांकडून त्याला कळलं होतं. आवाज सुनेपर्यंत ऐकू येत होता. या वयात हे काय, तिच्या अभ्यासासाठी तू पोटात नळी घालून घेतलीस, ती तुझी लागते कोण? कंडक्टरबाईंनी त्याला पूर्ण बोलू दिलं. मग शांतपणे म्हणाल्या, "तुझ्यासाठी पोट कापून घेतलं होतं मी. तेव्हा मला कोणी विचारलं नव्हतं, हा लागतो कोण म्हणून. जेवलास का?" तो काहीतरी म्हणाला. "मग जेव. आणि तिच्याबद्दल बोलायचं असेल तर नीट बोलायचं. नाहीतर हवापाण्याचं बोल." मग दोघं खरोखरच हवापाण्याचं बोलले, आणि फोन ठेवल्यावर त्यांनी डोळे पुसले. सुनेसमोर त्या त्याच्याशी पहिल्यांदाच इतकं बोलल्या होत्या.

काम पुढे सरकायला लागलं. सुनेने सूचना मोठ्या दारापाशी लावली, आणि हळूहळू आणखी काही माणसं आली. त्यांत एक ड्रायव्हर आणि डेपोतले दोघे होते. त्यांना कोणी पाठवलं हे विचारायची गरज नव्हती. पोटाचे तुकडे मेणाच्या ठोकळ्यांत बसले, ठोकळ्यांचे केसाहून पातळ काप निघाले, काप काचेवर चढले, त्यांना रंग दिले गेले. कंडक्टरबाईंची स्लाइड प्रयोगशाळेतल्या जुन्या तंत्रज्ञांनी वाचली. सगळे आकडे नोंदवून झाले, कोणता आकडा कोणाचा ते उघड झालं, आणि मग वकीलबाईंची परवानगी घेऊन सुनेने एका दुपारी कंडक्टरबाईंना प्रयोगशाळेत आणलं.

त्यांना मायक्रोस्कोपपुढे बसवायला वेळ लागला. आधी उंची जमेना, मग चष्मा आड यायला लागला, मग त्यांना स्वतःच्या पापण्याच दिसू लागल्या. शेवटी चित्र स्पष्ट झालं.

"हे माझं?"

"हो. या तपकिरी झालरीसारखं दिसतं ना, ते म्यूसिन. पोटाला आम्लापासून राखणारा थर. भरपूर आहे तुमच्यात. तंत्रज्ञ काकांनी पाहिल्याबरोबर म्हटलं, अस्तर असावं तर असं."

"झालर छान आहे," कंडक्टरबाई म्हणाल्या. त्यांना खरंच आवडली होती. "आतून एवढी नटलेली असेन असं वाटलं नव्हतं."

सुनेने स्लाइड बदलली. "आता हीच जागा, पण रक्तगटाचा रंग दिलेला. गट जिथे असेल तिथे तपकिरी दिसेल."

"झालर निळी झाली."

"कारण तिच्यात गट नाही. बाकीच्या बहुतेकांची इथे तपकिरी होते. आता मी जरा खाली सरकवते. त्या छोट्या गोल कड्या दिसतात?"

"तपकिरी आहेत त्या?"

"त्याच. त्या रक्तवाहिन्या. त्यांच्या भिंतीत तुमचा गट आहे. पक्का आहे. फक्त वरच्या थरात येत नाही."

कंडक्टरबाई बराच वेळ डोळा लावून बसल्या. पलीकडे तंत्रज्ञ काका काचा पुसत होते, त्यांनीही हात थांबवला.

"ही गोल, पलीकडची जरा चपटी," त्या म्हणाल्या. "ही बघ, दोन जोडीने. किती बारीक गं." मग डोकं वर करून त्यांनी मान चोळली आणि सुनेला म्हणाल्या, "तू रोज हे बघतेस? दिवसभर?"

"दिवसभर."

"मान दुखत असेल तुझी. सांगितलं नाहीस कधी."

प्रबंध झाला. तोंडी परीक्षेच्या दिवशी मागच्या रांगेत कंडक्टरबाई आणि वकीलबाई शेजारी शेजारी बसल्या होत्या. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी बरेच प्रश्न विचारले, आणि एका प्रश्नाला सून अडखळली तेव्हा मागून घसा खाकरल्याचा आवाज आला. परीक्षकांनी चमकून पाहिलं. कंडक्टरबाई छताकडे पाहत होत्या. सुनेला एकदम हसू आलं, आणि उत्तरही सुचलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत तिला एका लहान शहरातल्या दवाखान्याकडून बोलावणं आलं. स्वतःची प्रयोगशाळा मिळणार होती, काम याच विषयावर. तिने ते कळल्यावर लगेच सांगितलं. पोटात ठेवायचं नाही, असं तिने ठरवून टाकलं होतं.

कंडक्टरबाई टेबल पुसत होत्या. फडकं थांबलं नाही, पण एकाच जागी फिरू लागलं. "चांगलं झालं. निघायचं कधी?"

"आपण कधी निघायचं ते तुम्ही सांगा."

"आपण कोण?"

"तुम्ही आणि मी. तिथे दोन खोल्या आणि एक गच्ची आहे. मी विचारून घेतलं."

"मी कशाला येऊ?" कंडक्टरबाई म्हणाल्या. "हे घर आहे माझं. ओळखीची माणसं आहेत. तिथे मला कुत्रं ओळखणार नाही. आणि उद्या तू कोणाशी लग्न केलंस तर मी काय मधे मांडी घालून बसू?"

"केलं तर त्याला आधी तुमच्यापुढे उभा करेन. तुम्ही नाही म्हणालात तर नाही."

"नाही कसं म्हणायचं ते मला चांगलं जमतं."

"म्हणून तर."

त्या दिवशी काही ठरलं नाही, दुसऱ्याही दिवशी नाही. कंडक्टरबाई कधी म्हणत, मी इथेच बरी. कधी विचारत, गच्चीवर ऊन कुठल्या बाजूने येतं. एकदा सून कामावरून आली तर त्या पलंगावर नकाशा पसरून बसल्या होत्या. त्या शहरात बसचे मार्ग फारच थोडे आहेत आणि जे आहेत तेही मूर्खासारखे आखलेत, असं त्यांचं मत झालं होतं. नवीन दवाखान्यात जायला दोनदा बस बदलावी लागते, हे कुठल्या शहाण्याने ठरवलं? नकाशाची दुमडलेली कड सुनेने फक्त सरळ केली.

शेवटी ठरलं ते असं, की त्यांनी सुरुवातीला थोडे दिवस बरोबर यायचं, घर लावून द्यायचं आणि परत यायचं. जुनं घर बंद करून किल्ली शेजारी ठेवली. सामान मात्र त्यांनी थोड्या दिवसांचं घेतलं नाही, हे सुनेच्या लक्षात आलं. लोकरीचे कपडे होते, उन्हाळ्यातलेही होते. तिने तसं बोलून दाखवलं नाही.

नव्या घरात पोचल्यावर कोणती खोली कोणाची यावरून दोघींचं थोडं वाजलं. उजेडाची खोली दोघींनाही एकमेकींना द्यायची होती. अखेर सुनेने मोठ्या पेटीवर बसून जाहीर केलं, की आपण आता उठणार नाही. तेव्हा कंडक्टरबाईंनी पिशव्या उजेडाच्या खोलीत नेल्या, खिडकी उघडली, खालचा रस्ता नीट पाहून घेतला आणि आतूनच विचारलं, "सकाळी तुला निघायचं किती वाजता गं? म्हणजे मी आधी उठेन."